आधी पाणी, मग आग: धाब्यावरचं वाफेचं इंजिन

[००:००]

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा वाढवा आणि हा तुकडा ऐका.

(इथे ऑडिओत इंजिनाचा आवाज आहे. छक, छक, छक, छुक. छक, छक, छक, छुक.)

ऐकलं? चार ठोके आहेत. तीन सारखे आणि चौथा जरा दबका. पुन्हा मागे जाऊन ऐका, काही घाई नाही. मला स्वतःला तो फरक कितीतरी वेळा ऐकूनही कळला नव्हता. आमच्या आबांना मात्र पहिल्याच दमात कळला, तोही कानात मशीन घालून.

आबा म्हणजे माझे आजोबा. भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन म्हणून लागले, तेव्हा वाफेची इंजिनं होती. आणि तुम्ही ऐकलेला आवाज त्यांच्या काळातल्या इंजिनाचा नाही. तो आहे माझ्या इंजिनाचा. लांबी पाऊण मीटर. जळगावात आमच्या घराच्या धाब्यावर सहा मीटर रूळ टाकलेत, त्यावर ते चालतं. आत खरी आग, खरं पाणी, खरी वाफ.

आजच्या भागात सांगतो की असं इंजिन चालतं कसं, घरी करतात कसं, आणि त्यातली एक अशी पायरी जी मी जवळजवळ गाळली होती. ती गाळली असती तर आज मी हा भाग दवाखान्यातून रेकॉर्ड करत असतो.

[०१:४०] मॉडेल आणि 'लाइव्ह स्टीम'

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. गेला नसाल तर जाऊन या. सिग्नल, पूल, घाट, सगळं हलतं. पण तिथल्या गाड्या विजेवर चालतात. मी लहानपणी बघितलं आणि घरी येऊन आबांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "धूर कुठून निघतो?"

या प्रश्नाला उत्तर देणारा छंद म्हणजे लाइव्ह स्टीम. त्यात इंजिन दिसायला छोटं असतं, पण काम मोठ्यासारखंच करतं. जगात याला शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक सुरू केलं. त्यात कर्ली लॉरेन्स नावाचे गृहस्थ 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहायचे. तेव्हा बऱ्याच जणांचं मत होतं की एवढ्या लहान इंजिनात कोळसा जाळून काही जोर निघत नाही, स्पिरिटचा दिवाच बरा. १९२० च्या दशकात लॉरेन्सनी अडीच इंची रुळांवरच्या, कोळशाच्या छोट्या इंजिनाने जिवंत माणूस ओढून दाखवला. मग त्यांनी नवशिक्यांसाठी 'टिच' नावाच्या चारचाकी इंजिनाचे आराखडे लिहिले, साध्या भाषेत, एकेक भाग समजावत. माझं इंजिन त्याच वळणाचं आहे, साडेतीन इंची रुळांवरचं.

साडेतीन इंच म्हणजे ८९ मिलिमीटर. आता आपल्या पाचोरा-जामनेर गाडीचे रूळ ७६२ मिलिमीटरचे. तीच ती ५६ किलोमीटरची 'पीजे', २०२० मध्ये लॉकडाऊनला थांबली ती पुन्हा धावली नाही. मी बघितली ती डिझेलवरची, पण आबांनी त्या मार्गावर वाफेचं इंजिन बघितलंय. ७६२ ला ८९ ने भागा. साधारण साडेआठ. म्हणजे माझं इंजिन पीजेच्या रुळांच्या हिशेबाने साडेआठपट लहान. हुबेहूब नक्कल नाही, पण तो आकडा मी मुद्दाम धरला.

[०४:१०] कुकर समजला की इंजिन समजलं

घरचा प्रेशर कुकर घ्या. आत दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ सोडणारं वजन. आता ती वाफ हवेत न सोडता एका नळकांड्यात सोडली, तर आतला पिस्टन सरकेल. झालं इंजिन!

फरक एवढाच की पिस्टनला पुढून ढकललं की नंतर मागूनही ढकलावं लागतं. ते काम स्लाइड व्हॉल्व्ह करतो. तो पुढे-मागे सरकून वाफेला एकदा हे दार उघडतो, एकदा ते. दोन बाजूंना दोन सिलिंडर, प्रत्येकात दोन धक्के. म्हणून चाकाच्या एका फेरीत चार ठोके. सुरुवातीला ऐकलेत ते हेच.

आणि तो आवाज येतो कुठून? काम झालेली वाफ धुराड्यातून जोरात वर सोडतात. ती जाताना सोबत धूर ओढून नेते, त्यामुळे भट्टीत ताजी हवा ओढली जाते आणि आग भडकते. इंजिन जेवढं जास्त ओढेल, तेवढी आग आपोआप वाढते. ना सेन्सर, ना ॲप. मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

पण लहान करताना एक गंमत होते. लांबी साडेआठपट कमी केली की पाण्याची जागा साडेआठपट कमी होत नाही. साडेआठ गुणिले साडेआठ गुणिले साडेआठ, म्हणजे सहाशेहून जास्त पट कमी होते. मोठ्या इंजिनात हजार लिटर पाणी असेल तर माझ्यात दीड-दोन लिटर. मोठ्या इंजिनाचा फायरमन क्षणभर घाम पुसू शकतो. माझ्या इंजिनात पाणी मिनिटामिनिटाला बघावं लागतं. आबा म्हणतात, "तुझं इंजिन लहान आहे, पण काम मोठ्यापेक्षा जास्त मागतं."

[०६:३०] जळगाव ते धुळे, पाठीवर चाकं

माझ्याकडे लेथ नाही. मामाकडे आहे, धुळ्याच्या एमआयडीसीत. म्हणून दोन वर्षं माझे बरेच शनिवार असे गेले: सकाळची एसटी, एरंडोल, पारोळा, धुळे. बॅगेत डबा आणि बिडाच्या ओतीव चाकांचे तुकडे. कंडक्टर एकदा म्हणाला, "भाऊ, बॅगेचं तिकीट काढू का?"

मामा दिवसभर पंपांचे शाफ्ट करतो. माझं पहिलं चाक बघून त्याने बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "भाचा, हाऊ मिलीमीटरना खेळ शे." अहिराणी न कळणाऱ्यांसाठी: हा मिलिमीटरचा खेळ आहे. पहिले दोन सिलिंडर भंगारात गेले, कारण भोक सरळ नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने मला लेथला हात लावू दिला नाही. चौथ्या वेळी पुन्हा दिला.

सांगाडा, चाकं, सिलिंडर जोडून झाले की लगेच वाफ लावत नाहीत. आधी हवेवर चालवतात. आम्ही पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची नळी लावली, दाब कमी ठेवला, आणि चाकं फिरली! मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन आबांना ऐकवलं. तुम्ही सुरुवातीला ऐकलंत ते तेच रेकॉर्डिंग.

आबांनी डोळे मिटले. "एक ठोका लंगडा आहे," म्हणाले. "व्हॉल्व्ह बघ."

पुढच्या शनिवारी मामाने डाव्या बाजूच्या व्हॉल्व्हचं झाकण काढलं. एका टोकाला दार नीट उघडत होतं, दुसऱ्या टोकाला अर्धवट. व्हॉल्व्ह जेमतेम पाव मिलिमीटर सरकवला आणि चारही ठोके एकसारखे झाले. पाव मिलिमीटर, मोबाइलच्या स्पीकरवर, मशीन लावलेल्या कानांनी. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हाताऱ्याला चहा पाज माझ्याकडून."

[०९:००] बॉयलर: सराफ बाजारातली शिकवणी

आता मुख्य गोष्ट. चाक चुकलं तर चाक वाया जातं. बॉयलर चुकला तर हात जातो, डोळा जातो.

माझा बॉयलर तांब्याच्या नळीचा, व्यास १०० मिलिमीटर. काम करायचा दाब ५ किलो. कुकरच्या पाचपट. या दाबाला आतलं पाणी जवळपास १६० अंशांना असतं आणि तरी पाणीच असतं, कारण दाबाने त्याला धरून ठेवलेलं असतं. बॉयलर फाटला तर ते धरणं संपतं. मग त्यातला काही भाग त्याच क्षणी वाफ होतो, आणि बाहेरच्या हवेत वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते.

नळीच्या टोकाला जी गोल चकती असते, तिच्यावर किती जोर येतो? क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर, गुणिले ५. जवळपास ३९० किलो. आपल्या भाषेत सांगायचं तर तळहाताएवढ्या चकतीवर पावणेचार-चार क्विंटल कापूस. म्हणून चकत्यांना आतून दांड्यांचा आधार देतात. नळीची जाडी हिशेबाने १ मिलिमीटर पुरते, तीही तांब्याच्या ताकदीचा आठवा भागच वापरायचा असं धरून. मी ३ मिलिमीटर घेतली. इथे काटकसर करायची नाही.

आणि जोड? मोबाइल दुरुस्तीत वापरतात ते साधं सोल्डर साधारण दोनशे अंशांच्या आसपास वितळतं. बॉयलर १६० ला. वितळणार नाही, पण ताकद मात्र सोडेल. म्हणून चांदीची झाळ लावतात, जी साडेसहाशे अंशांच्या आसपास वितळते. तांबं वितळतं १०८५ ला. मधली जागा पुरेशी आहे.

चांदीची झाळ म्हटल्यावर जळगावकराने दुसरीकडे कुठे जायचं? मी सराफ बाजारात एका कारागीर काकांकडे गेलो. बॉयलर बघून ते हसले, "ही कोणत्या गणपतीची बांगडी?" मग बसून शिकवलं. जोड घासून लख्ख करायचा. टाकणखार पाण्यात कालवून लावायचा, म्हणजे तापताना तांबं काळं पडत नाही आणि झाळ पसरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: झाळ उष्णतेच्या मागे धावते. झाळेला ज्योत दाखवायची नाही, धातूला दाखवायची. धातू तापला की झाळ स्वतःहून फटीत शिरते.

अजून एक. दागिन्यांवरून तुम्हाला 'केडीएम' हा शब्द माहीत असेल. त्यातल्या झाळेत कॅडमिअम असायचं आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो. म्हणून झाळ कॅडमिअम नसलेलीच घ्यायची आणि काम मोकळ्या हवेत करायचं.

[१२:१०] आखाजीची घाई

बॉयलर एप्रिलमध्ये तयार झाला. आखाजी तोंडावर होती. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. दोन्ही आत्या येणार होत्या, पोरंटोरं येणार होती, धुळ्याहून मामा येणार होता. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आखाजीला इंजिन पेटवणार!

आधी एक तपासणी बाकी होती. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यायचा. माझ्या बाबतीत १० किलो. पाणीच का? हवा किंवा वाफ दाबली की स्प्रिंगसारखी ताकद साठवते. पाणी जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे बॉयलर फाटलाच तर थोडं पाणी गळतं, काटा खाली येतो, बस. प्लंबर नव्या पाइपलाइनला लावतात तो पंप मी भाड्याने आणला. आमचं गाव पाइपांचं, तो मिळायला अडचण नाही.

२ किलो. ४ किलो. ५ किलो. सगळं कोरडं. ६ ला पुढच्या चकतीवर, मधल्या धूरनळीच्या कडेला, एक थेंब दिसला. मी पुसला. पुन्हा आला. काटा हळूहळू खाली.

दुसऱ्या दिवशी आखाजी.

आता खरं सांगतो. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. चालवायचं तर ५ वरच आहे. ५ ला तर कोरडा होता. थेंब ६ ला आला. मग उद्या ४ वर चालवू, सगळे खूश होतील, दुरुस्ती नंतर.

आणि मला अडवणारं कुणी नव्हतं. साखर कारखान्याच्या बॉयलरला सरकारी निरीक्षक येऊन तपासतात, त्याचा कायदा १९२३ पासून होता, आता २०२५ चा नवा आहे. पण २५ लिटरपेक्षा लहान बॉयलर त्यात येत नाही. ब्रिटनमध्ये छंद करणाऱ्यांचे क्लब आहेत, तिथे क्लबचा तपासनीस सही करतो, मगच आग. जळगावात धाब्यावर बसलेल्या माझा तपासनीस मीच. आणि उद्या आखाजी असलेला तपासनीस काही कामाचा नसतो.

आबा खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "तुले कसानी घाई शे?"

मग त्यांनी लेड प्लगची गोष्ट सांगितली. मोठ्या इंजिनात भट्टीच्या छतात शिशाने भरलेला एक बूच असतो. पाणी कमी झालं आणि छत उघडं पडलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत शिरते आणि आग दबते. इंजिन उभं राहतं, ड्रायव्हर-फायरमनची चौकशी लागते. "चौकशीला माणूस जिवंत लागतो," आबा म्हणाले. "तो बूच त्यासाठीच. तुझा थेंब म्हणजे तुझा लेड प्लग. त्याने सांगितलं, आता तू ऐक."

आखाजीला इंजिन पेटलं नाही. पोरांना कंप्रेसरच्या हवेवर चाकं फिरवून दाखवली. धाकटी आतेबहीण म्हणाली, "बस, एवढंच?" हो बाई, एवढंच.

[१४:५०] दुसरी भट्टी

चूक कळायला सराफ काकांची एक नजर पुरली. आमची ज्योत अंगठीची होती आणि काम हंड्याचं. तांबं उष्णता झपाट्याने पसरवतं. एका जागी साडेसहाशे अंश आणायचे तर सगळा बॉयलर तापवावा लागतो. कडेच्या नळ्यांपाशी झाळ पसरली, मधल्या नळीपाशी वरवर बसली, आत उतरलीच नाही.

दुसऱ्या वेळी विटांची छोटी भट्टी रचली, बॉयलर त्यात बसवला, गॅसचे दोन मोठे बर्नर घेतले. एक मामाच्या हातात, एक काकांच्या. मे महिना, जळगाव, आणि वर दोन बर्नर. त्या दुपारी आबांच्या नोकरीचा मला जरासा अंदाज आला. सगळा बॉयलर लालसर झाला आणि मग झाळ मधल्या नळीभोवती पाण्यासारखी पळाली. बघण्यासारखं असतं ते.

पुन्हा पाणी, पुन्हा पंप. ६. ८. १०. मोबाइलवर अर्ध्या तासाचा टायमर लावला. काटा हलला नाही, एकही थेंब नाही. मी वहीत तारीख, दाब आणि वेळ लिहिली. खाली आबांनी सही केली, पूर्वी रजिस्टरमध्ये करायचे तशी, हुद्द्यासकट.

[१६:२०] वाफ

पहिली आग पावसाळ्यात पेटवली. पाणीही पावसाचंच, गाळून घेतलेलं. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. कुकरच्या तळाला जो पांढरा थर बसतो तो बॉयलरमध्ये बसला तर उष्णता अडते. मोठ्या इंजिनांचे बॉयलरही त्यासाठी ठराविक दिवसांनी धुवावे लागायचे.

रॉकेलमध्ये भिजवलेला लाकडी कोळसा, वर दगडी कोळशाचे हरभऱ्याएवढे खडे. वाफ नसताना हवा ओढणार कोण? म्हणून धुराड्यावर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा ठेवला. १ किलो दाब झाला तसा पंखा काढला, पुढचं काम वाफेने घेतलं. ५ ला सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसला. तोही आधी तपासलेला.

आबांनी काचनळीतलं पाणी बघितलं, मान हलवली, आणि रेग्युलेटर त्यांनीच उघडला.

सहा मीटर पुढे. सहा मीटर मागे. हा त्याचा आवाज.

(इथे ऑडिओत इंजिनाचा आवाज आहे. छक, छक, छक, छक.)

चारही सारखे.

[१७:३०] तुम्हाला करायचं असेल तर

एकदम इंजिनाला हात घालू नका. आधी डोलत्या सिलिंडरचं छोटं यंत्र करा. त्यात वेगळा व्हॉल्व्ह नसतो, सिलिंडरच डोलून वाफेचं दार उघडतो आणि मिटतो. ते हवेवर चालवा. जमलं की सांगाडा, तोही हवेवर. बॉयलर सगळ्यात शेवटी, आणि झाळ येणाऱ्या माणसाला सोबत घेऊनच. यूट्यूबवर डबे-बाटल्या साध्या सोल्डरने जोडून 'बॉयलर' करणारे दिसतील. बघा आणि पुढे सरका.

आणि तपासणी एकदाच करून भागत नाही. पहिली दुप्पट दाबाला, नंतर ठराविक काळाने पुन्हा, दीडपट दाबाला. प्रत्येक वेळी पाण्याने. प्रत्येक वेळी वहीत नोंद. आणि शक्य असेल तर सही दुसऱ्याची घ्या, अशा माणसाची ज्याला उद्याच्या आखाजीची घाई नाही.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी जुने ड्रायव्हर, फायरमन, फिटर असतील तर त्यांना आजचे दोन्ही आवाज ऐकवा, पहिला आणि शेवटचा. काय म्हणतात ते मला नक्की कळवा. भुसावळला असाल तर फार लांब शोधावं लागणार नाही.

चला, पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत आधी पाणी, मग आग. राम राम!